प्लेअर कुणाच्या मालकीचा?

ऑडिओ वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मेमरी लीक असेल, तर ऐकणाऱ्याची तक्रार मेमरीबद्दल कधीच नसते. 'कादंबरी ऐकता ऐकता मध्येच बंद पडते', 'हेडफोनचं बटण एकदा दाबलं तर तीन प्रकरणं पुढे जातं', 'रात्री लावून झोपलो, सकाळी बॅटरी संपलेली' अशा शब्दांत ती येते. टेस्टरच्या टेबलावर यातलं काही घडत नाही. तो प्रकरण लावतो, दोन मिनिटं ऐकतो आणि पुढच्या टिकिटाकडे वळतो. लीक शोधायचा कसा यावर जाणकारांत फारसा वाद नाही, साधनं सगळ्यांकडे तीच आहेत. वाद असतो तो कशासाठी शोधायचा आणि कुठवर, यावर.

पुढचा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातले दोन्ही पक्ष कुठल्याही ऑफिसात समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसलेले सापडतील. अनघाताईंचं निम्मं आयुष्य सी++ मध्ये गेलं. जे मागून घेतलं ते आपल्या हाताने परत करायचं, ही त्यांची शिस्त. ओंकार अँड्रॉइडवरच वाढलेला, मेमरी परत करणं हे गार्बेज कलेक्टरचं काम असं समजणारा, पण आकड्यांना मानणारा. अ‍ॅप आहे मराठी ऑडिओबुकांचं. टिकीट ओंकारच्या नावावर: 'दीड-दोन तास ऐकल्यावर आवाज थांबतो.'

ओंकार : ताई, मी हे टिकीट पुढच्या रिलीजला ढकलतोय. प्रोसेस मेली की सिस्टीम सगळी मेमरी परत घेते, लीकही तिच्याबरोबर जातो. मी एवढंच करतो की ऐकलेली जागा दर पाच सेकंदांनी साठवून ठेवायची. अ‍ॅप पुन्हा उघडलं की तिथून पुढे सुरू. ऐकणाऱ्याचं काय बिघडलं?

अनघाताई : ऐकणारी भांडी घासत असेल तर? हात साबणाचे, फोन ओट्यावर. तिने तुझं अ‍ॅप पुन्हा उघडायचं कशाने? व्हिडिओ बघणारा स्क्रीनसमोर बसलेला असतो, तो पुन्हा टिचकी मारतो. आपला श्रोता फोनपासून लांब असतो, म्हणून तर तो ऐकतोय.

ओंकार : बरं, हा मुद्दा घ्या तुमच्याकडे. पण लीककॅनरीने दिलेली यादी बघितलीत ना? त्यातले कितीतरी 'लायब्ररी लीक' म्हणून आलेत. म्हणजे कोड अँड्रॉइडचा, मी दुरुस्त काय करणार? उरलेल्यांतले काही दोन-चार किलोबाइटचे. यादी रिकामी करायच्या नादात महिना जाईल आणि श्रोत्याला फरक शून्य.

(लीककॅनरी हे स्क्वेअर कंपनीने 2015 मध्ये खुलं केलेलं साधन. अ‍ॅक्टिव्हिटी बंद झाली की ते तिच्याकडे एक दुबळा रेफरन्स ठेवतं, पाच सेकंद थांबतं, आणि तरीही ती मेमरीत दिसली तर कलेक्टरला चालवून पुन्हा बघतं. अशी अडकलेली ऑब्जेक्ट साठली की सगळ्या हीपचा उतारा काढून त्यांना नेमकं कोण धरून बसलंय ती साखळी दाखवतं. ऑफिसात मात्र बरेच जण साखळी न वाचता यादीची लांबीच मोजतात.)

अनघाताई : लायब्ररी लीक म्हणून सोडून देऊ नकोस, निदान वाच तरी. लॉलीपॉपपर्यंतच्या अँड्रॉइडमध्ये व्हिडिओव्ह्यू ऑडिओ फोकस मागायचा आणि सोडायचाच नाही. ऑडिओमॅनेजरला मिळालेला कॉन्टेक्स्ट असायचा अ‍ॅक्टिव्हिटीचा, ऑडिओमॅनेजर तोच धरून ठेवायचा, की अख्खी स्क्रीन अडकली. मार्शमेलोत ते सुधारलं. 5.0.1 मध्ये मीडियासेशनलेगसीहेल्पर नावाचा क्लास आला. तो एकदाच जन्मतो आणि अ‍ॅप असेपर्यंत जगतो. त्यानेही पहिल्यांदा हातात आलेला कॉन्टेक्स्ट कायमचा धरला. 5.1 मध्ये उपाय काय केला माहितेय? अ‍ॅक्टिव्हिटीच्या जागी अ‍ॅप्लिकेशनचा कॉन्टेक्स्ट. एका ओळीचा बदल.

ओंकार : म्हणजे गूगलच्या लोकांचंही चुकतं. मग आम्हाला कशाला बोलता?

अनघाताई : बोलत नाहीये, चूक कुठल्या जातीची ते दाखवतेय. जास्त जगणाऱ्याच्या हातात कमी जगणाऱ्याला दिलं. आपल्या यादीतल्या पहिल्या साखळीत वेगळं काही आहे का, सांग.

ओंकारने लॅपटॉप वळवला. पहिली साखळी सीकबारपाशी सुरू होत होती. प्लेअरची स्क्रीन उघडली की एक रनेबल सुरू होतो. दर अर्ध्या सेकंदाला तो प्लेअरला 'कुठवर आलास' विचारतो, सीकबार तेवढा सरकवतो आणि हँडलरला सांगतो, अर्ध्या सेकंदाने मला पुन्हा हाक मार. हा कोड तुम्ही कुठल्याही शिकवणीत बघाल, आणि त्यात चूक अशी काही दिसत नाही. फक्त स्क्रीन बंद होताना त्या रनेबलला 'पुरे' कुणी म्हणत नाही.

अनघाताई : आता मोज. मुख्य थ्रेड अ‍ॅप असेपर्यंत मरत नाही. त्याच्या रांगेत मेसेज. मेसेजच्या पोटात रनेबल. रनेबल अ‍ॅक्टिव्हिटीच्या आत लिहिलाय आणि तिचाच सीकबार हलवतोय, म्हणून त्याच्या हातात अ‍ॅक्टिव्हिटी. तिच्या हातात सगळे व्ह्यू, त्यातला एक मुखपृष्ठाचा, त्याच्या हातात बिटमॅप.

ओंकार : मुखपृष्ठ म्हणजे तीनशे केबीची जेपीजी, ताई.

अनघाताई : डिस्कवर. उघडल्यावर एका पिक्सेलला चार बाइट. अ‍ॅपल पॉडकास्टसाठी 1400 ते 3000 पिक्सेलचा चौरस मागतं, प्रकाशक तीच मोठी फाइल आपल्यालाही पाठवतात, आणि आपण ती मूळ मापातच उघडतोय. 3000 गुणिले 3000 गुणिले 4. तीन कोटी साठ लाख बाइट. फोन आडवा केला की जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मोडून नवी बनते, आणि जुनी तुझ्या रनेबलच्या हातात राहते. फोन उभा केला, आणखी एक. प्रत्येक वेळी 36 एमबी. शिवाय आता तीन रनेबल चालतायत, त्यातले दोन मेलेल्या सीकबारांना ढकलतायत, दर अर्ध्या सेकंदाला. बॅटरीच्या तक्रारीतला काही वाटा तिथे आहे.

ओंकार : पण मी प्रोफायलरमध्ये जावा हीपचा आलेख बघितला होता. तो सपाट होता!

अनघाताई : सपाटच असणार. अँड्रॉइड 8 पासून बिटमॅपचे पिक्सेल नेटिव्ह हीपमध्ये असतात. जावाच्या बाजूला दिसतं ते फक्त छोटं पाकीट.

गार्बेज कलेक्टर हा साधा हिशेबनीस आहे. कुठल्या तरी जिवंत मुळापासून रेफरन्सची वाट निघून ऑब्जेक्टपर्यंत पोचते का, एवढंच त्याला कळतं. ते ऑब्जेक्ट पुढे कुणाच्या उपयोगी पडणार आहे का, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. लग्नाचा हॉल रिकामा झाला, पण किल्ली मुलीच्या मामांच्या खिशात गावी गेली, तर व्यवस्थापकाच्या लेखी हॉल लागलेलाच. 'जावामध्ये लीक होत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे मला अजून भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फोन चार वेळा फिरवायला सांगतो.

ओंकार : ठीक. मग सोपं आहे. ऑनडिस्ट्रॉयमध्ये रनेबल काढून टाकतो.

अनघाताई : आणि प्लेअरही तिथेच रिलीज कर. मीडियाप्लेअरच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, काम झालं की रिलीज करा. नाही केलं तर पुढचे प्लेअर हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअरवर घसरतील किंवा बनणारच नाहीत. तू नुसतं नल करून सोडून दिलंयस. घेतलं तिथेच परत, विषय संपला.

ओंकार : संपला नाही, सुरू झाला! ताई, तुमच्या सी++ मध्ये फाइल उघडली त्याच फंक्शनच्या शेवटी बंद केली की झालं. इथे फोन आडवा केला की ऑनडिस्ट्रॉय येतो. तुमच्या नियमाने चाललो तर फोन वळवला की कादंबरी बंद. बॅक दाबून कुणी दुसरं अ‍ॅप उघडलं की बंद. आवाज स्क्रीनपेक्षा जास्त जगतो, हेच तर या अ‍ॅपचं वैशिष्ट्य. तुमची शिस्त इथे लावली तर लीक जाईल आणि श्रोताही जाईल.

इथे ओंकारचं बरोबर आहे, आणि ते अर्धवट बरोबर नाही. ऑडिओ प्लेबॅकच्या कोडमध्ये लीक इतके का सापडतात, याचं उत्तर त्याच्या या चिडलेल्या वाक्यात आहे. फोटो दाखवणारी स्क्रीन गेली की फोटोचं काम संपतं. आवाजाचं तसं नाही. स्क्रीन जन्मते, मरते, पुन्हा जन्मते, आणि दरम्यान वाजणारी गोष्ट तीच असते. म्हणून प्रत्येक डेव्हलपरला कधी ना कधी मोह होतो: प्लेअर एका स्टॅटिक जागेत ठेवून द्यावा, जो येईल तो वापरेल. मग येणारा प्रत्येक जण आपला लिसनर त्याला जोडून जातो, आणि जाताना काढत नाही.

ओंकार : त्यापेक्षा मी काय म्हणतो, सगळीकडे वीकरेफरन्स लावू. प्लेअरकडे स्क्रीन दुबळी, स्क्रीनकडे प्लेअर दुबळा. कुणीच कुणाला धरत नाही, मग लीक कुठून येणार?

अनघाताई : आणि प्लेअरला कुणीच धरलं नाही, तर तो राहील कशाच्या जोरावर?

ओंकार : म्हणजे?

अनघाताई : मीडियाप्लेअर एखाद्या फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये बनवून स्टार्ट करून बघ. वाजायला लागतो. फंक्शन संपतं, तरी वाजतो. मग केव्हा तरी कलेक्टर फिरतो, ते ऑब्जेक्ट बेवारस दिसतं म्हणून उचलतो आणि आवाज वाक्याच्या मधोमध तुटतो. दहाव्या सेकंदाला की विसाव्या मिनिटाला, सांगता येत नाही. आयफोनवर एव्हीऑडिओप्लेअर असाच लोकल ठेवला तर आवाजच येत नाही, कारण तिथे मोजणी शून्यावर आली की ऑब्जेक्ट त्याच क्षणी जातं. आता मला सांग, तुझ्या टिकिटात 'मध्येच आवाज थांबतो' लिहिलंय. तो लीकमुळेच थांबतो कशावरून?

ओंकार गप्प बसला. पण थोडाच वेळ.

ओंकार : हे मोजता येईल. अँड्रॉइड 11 पासून सिस्टीमला विचारता येतं, माझी मागची प्रोसेस का मेली. 'रीझन लो मेमरी' आलं तर सिस्टीमने मेमरीसाठी मारलं. तसं कारण नसेल, प्रोसेस जिवंत असेल आणि तरी आवाज गेला असेल, तर तुमचा बेवारस प्लेअर. हे कारण पुढच्या वेळी अ‍ॅप उघडताना आपल्या सर्व्हरला पाठवतो. सगळे फोन हे कारण नोंदवत नाहीत, पण बरेच नोंदवतात. मग अंदाजावर भांडायला नको.

अनघाताई : हे मला सुचलं नसतं.

एकच लक्षण आणि दोन उलटी दुखणी. एकात प्लेअरला नको इतक्यांनी धरलंय, दुसऱ्यात कुणीच धरलेलं नाही. लीकच्या भीतीने रेफरन्स दुबळे करत सुटणारा माणूस पहिल्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतो. दुसरं दुखणं ओळखायला जास्त अवघड, कारण ते कलेक्टरच्या लहरीवर चालतं आणि डेव्हलपरच्या भरपूर रॅमच्या फोनवर कलेक्टरला घाई नसते.

ओंकार : पण नेटिव्ह बाजूचं काय? लीककॅनरीला मीडियाप्लेअर दिसला तरी त्याचं वजन काही बाइट दिसतं.

अनघाताई : कारण खरा प्लेअर तुझ्या प्रोसेसमध्ये नाहीच. तो सिस्टीमच्या मीडिया प्रोसेसमध्ये आहे. 2015 मध्ये स्टेजफ्राइटचं प्रकरण गाजलं, एका व्हिडिओ मेसेजने फोन ताब्यात घेता येत होता. त्यानंतर अँड्रॉइड 7 मध्ये गूगलने मीडियासर्व्हरचे तुकडे केले. फाइल उलगडणारा वेगळा, डीकोड करणारा वेगळा, आवाज मिसळणारा वेगळा. तुझ्या जावा ऑब्जेक्टच्या हातात फक्त दोरी आहे. दोरीचं वजन बघून कलेक्टर ठरवतो, घाई नाही. तोवर दोरीच्या दुसऱ्या टोकाला डीकोडर आणि ऑडिओट्रॅक अडकलेले.

ओंकार : आणि ट्रॅक देण्याला सिस्टीमची मर्यादा असते. लॉगमध्ये एक ओळ मी कितीदा बघितलीय, 'ऑडिओफ्लिंगर कुड नॉट क्रिएट ट्रॅक, स्टेटस: -12'. मी समजायचो फोन खराब आहे.

अनघाताई : लिनक्समध्ये 12 म्हणजे मेमरी नाही. प्रत्येक प्रकरणाला नवा प्लेअर बनवतोयस आणि जुना नल करतोयस. 'फायनलाइज्ड विदाउट बीइंग रिलीज्ड' अशी तंबीही त्याच लॉगमध्ये आली असेल. फायनलायझरच्या भरवशावर राहू नका, म्हणून जावा 9 मध्येच तो मोडीत काढायचा ठरला.

ओंकार : म्हणून मी म्हणतो, मीडिया3 वर जाऊ. 2023 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, एक्सोप्लेअर आता त्यातच आहे. एक प्लेअर, त्यालाच सगळ्या प्रकरणांची यादी द्यायची. प्रत्येक प्रकरणाला नवा बनवायचाच नाही. जुना कोड शिवत बसण्यापेक्षा हे बरं.

अनघाताई : लायब्ररी बदलली म्हणून मालक ठरत नाही.

ओंकार : इथे ठरतो. मीडियासेशनसर्व्हिस. प्लेअर सर्व्हिसच्या ऑनक्रिएटमध्ये जन्मतो, तिच्याच ऑनडिस्ट्रॉयमध्ये रिलीज होतो. स्क्रीनला प्लेअर मिळतच नाही, मिळतो तो कंट्रोलर. ऑनस्टार्टमध्ये मागायचा, ऑनस्टॉपमध्ये सोडायचा. फोन फिरवा, स्क्रीन बंद करा, सर्व्हिस वाजवत राहते. तुमचाच नियम झाला, घेतलं तिथेच परत. फक्त 'तिथे' म्हणजे कुठे, ते बदललं.

अनघाताई : आणि कंट्रोलर सोडायला विसरलास तर?

ओंकार : सर्व्हिस बांधलेली राहील, प्लेअर थांबला तरी ती मरणार नाही.

अनघाताई : म्हणजे आधी स्क्रीन अडकायची, आता सर्व्हिस अडकेल.

ओंकार : पण आता सोडायची जागा एकच आहे, ताई. रिव्ह्यू करणाऱ्याला एका फाइलमध्ये दिसते. आधी प्लेअरला कुणी कुणी लिसनर जोडलेत ते शोधायला अख्खा प्रोजेक्ट चाळायला लागायचा.

हा युक्तिवाद मला पटतो, आणि अनघाताईंनाही पटला असावा, कारण त्यांनी विषय बदलला. त्या आयफोनच्या कोडकडे वळल्या. तो तिसऱ्याच कुणाचा होता, आणि गैरहजर माणसाच्या कोडवर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही.

अ‍ॅपलकडे कलेक्टर नाही. 2011 पासून कंपायलर स्वतःच रेफरन्सची मोजणी घालून देतो. मोजणी शून्य झाली की ऑब्जेक्ट गेलं. दोन ऑब्जेक्टनी एकमेकांना धरलं तर मोजणी कधीच शून्य होत नाही, एवढी एकच खोट. एव्हीप्लेअर नेमकं तिथेच नेऊन ठेवतो. सीकबार हलवायला 'पिरिऑडिक टाइम ऑब्झर्व्हर' जोडावा लागतो. त्याला दिलेल्या ब्लॉकमध्ये 'सेल्फ' लिहिलं की ब्लॉकने स्क्रीन धरली. प्लेअरने ब्लॉक धरला, स्क्रीनने प्लेअर धरला, वर्तुळ पूर्ण. त्या कोडमध्ये ऑब्झर्व्हर काढण्याची ओळही होती, व्यवस्थित. पण ती डीइनिटमध्ये. डीइनिट स्क्रीन मरताना चालतो, आणि ऑब्झर्व्हर काढल्याशिवाय स्क्रीन मरत नाही. ती ओळ कोडमध्ये असते, रिव्ह्यूत सगळ्यांना दिसते, आणि एकदाही चालत नाही.

ओंकार : ब्लॉकमध्ये वीक सेल्फ घातलं की सुटलं. इथे दुबळा रेफरन्स योग्य आहे ना?

अनघाताई : इथे आहे, कारण मालक कोण ते ठरलेलं आहे आणि ब्लॉक मालक नाही. मघाशी तू मालकालाच दुबळा करत होतास. आणि हेडफोनच्या बटणाचं टिकीट बघ, तेही याच घरातलं. रिमोटकमांडसेंटर सगळ्या अ‍ॅपला एकच असतं. स्क्रीन उघडली की आपण 'नेक्स्ट'साठी त्याला एक ब्लॉक जोडतो, काढत नाही. तीनदा स्क्रीन उघडली की तीन ब्लॉक. बटण एकदा दाबलं की तिन्ही चालतात आणि ऐकणारा तीन प्रकरणं पुढे.

ओंकार : म्हणजे मेमरीत दिसणारा लीक किरकोळ, पण श्रोत्याला सगळ्यात जास्त छळणारा हाच! मी म्हणत होतो तेच झालं ना. बाइट मोजून महत्त्व ठरवू नका.

अनघाताई : तू म्हणत होतास दोन किलोबाइटचे लीक सोडून द्या. हा दोन किलोबाइटचाही नाही.

या जागी दोघंही हसले असतील. मला विचाराल तर इथे गुण अनघाताईंना, कारण लीकचं माप बाइटमध्ये ठेवण्याची सवय ओंकारचीच होती.

एका बाबतीत मात्र ओंकारने त्यांना अडवलं. अ‍ॅपमध्ये लहरींचा आलेख दाखवण्यासाठी कुणीतरी अख्खं प्रकरण डीकोड करून मेमरीत घेत होतं. बोललेल्या आवाजाची 64 केबीपीएसची एका तासाची फाइल 28.8 एमबीची असते. ती 44,100 हर्ट्झ, 16 बिट, एकाच चॅनेलवर उलगडली तर तासाला सुमारे 317 एमबी होते, मूळच्या अकरा पट. अनघाताईंनी तेही लीकच्या यादीत लिहायला घेतलं.

ओंकार : हा लीक नाही. आलेख काढून झाला की ही मेमरी परत जाते, मी बघितलंय. ही उधळपट्टी आहे. उपाय वेगळा: तुकड्यातुकड्याने डीकोड करायचं, प्रत्येक तुकड्याची उंची ठेवायची, बाकी फेकायचं. किंवा आलेखाचे आकडे सर्व्हरवरच काढून ठेवायचे. लीकच्या यादीत टाकलं तर माणूस साखळी शोधत बसेल, आणि साखळी नाहीच.

अनघाताई : कमी रॅमच्या फोनवर सिस्टीम अ‍ॅपला मारेल ती यानेच, एवढं खरं.

ओंकार : म्हणून हे आधी करतो. मग सर्व्हिस. मग रनेबल. लायब्ररी लीक सगळ्यात शेवटी, फक्त वाचायला.

अनघाताई : क्रम तुझा. पण 'पुढच्या रिलीजला ढकललं' असं टिकिटावर राहायला नको.

माझं मत विचाराल तर क्रमाच्या बाबतीत ओंकार बरोबर आणि निदानाच्या बाबतीत अनघाताई. लीककॅनरीची यादी रिकामी करणं हे कामाचं माप होऊ शकत नाही, आणि 'प्रोसेस मेली की लीक मेला' हे श्रोत्याला सांगण्याजोगं उत्तर नाही. ऑडिओच्या कोडमध्ये प्लेअर कुणी बनवला आणि कोण रिलीज करणार हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर पुढची सगळी दुरुस्ती ठिगळाची.

तुमचं स्वतःचं अ‍ॅप असेल तर आज एवढं करून बघा. प्लेअरची स्क्रीन उघडा, काही तरी लावा, फोन दहा वेळा आडवा-उभा करा, बॅक दाबून बाहेर या. कलेक्टरला एकदा चालवा, अँड्रॉइड स्टुडिओच्या प्रोफायलरमध्ये त्याचं बटण आहे. मग संगणकावरून एडीबी शेलमध्ये 'डम्पसिस मेमइन्फो' आणि पुढे आपल्या पॅकेजचं नाव टाका. उताऱ्याच्या खालच्या भागात 'अ‍ॅक्टिव्हिटीज' नावाची ओळ असते. तिथे एक-दोन असेल तर ठीक. दहा-अकरा असेल तर टिकीट उघडा, आणि ते पुढच्या रिलीजला ढकलू नका.